पोळी, लांब रोटी, रोडगे आणि गोडधोड: नागपूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची मापं ग्रॅम आणि मिलीमध्ये आहेत. वाटी प्रत्येक घरची वेगळी, त्यामुळे एक मोजपात्र आणि एक साधा वजनकाटा घरात असला तर निम्मे घोळ आपोआप मिटतात. चमचा म्हणजे सपाट भरलेला चहाचा चमचा.

पाककृतीत लिहिलंय तेवढंच पाणी घातलं, तरी कणीक कधी घट्ट होते, कधी सैल. असं का?

कारण पीठ हवा पाहून वागतं. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंश आणि कोरडी हवा. डब्यातलं पीठसुद्धा कोरडं पडतं आणि जास्त पाणी पितं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच पीठ हवेतला ओलावा धरून बसतं. ५०० ग्रॅम पिठाला हिवाळ्यात साधारण ३१० मिली पाणी लागत असेल, तर उन्हाळ्यात ३३० ते ३४० लागेल आणि भर पावसाळ्यात २९० मध्येही काम होईल. म्हणून सगळं पाणी एकदम ओतू नये. तीन-चतुर्थांश आधी घालावं आणि उरलेलं हाताने शिंपडत जावं. या पानावरच्या प्रत्येक मापाला हीच अट लागू आहे. माप ही सुरुवात समजा. कुठे थांबायचं ते खुणेवरून ठरवायचं, म्हणून प्रत्येक ठिकाणी खूण दिली आहे.

उन्हाळ्यात आणखी एक करा. मळलेली कणीक ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवा. कूलरच्या वाऱ्यात उघडी राहिली तर दहा मिनिटांत वर साल धरते, आणि ती साल पुढे पोळीत बारीक कडक कण होऊन दिसते.

गहू कोणता घ्यावा?

रोजच्या पोळीला लोकवन किंवा मध्य प्रदेशातून येणारा शरबती. शरबतीच्या पोळीला गोडवा असतो आणि ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते. लांब रोटीलाही हाच चांगला. शेवया, सरगुंडे (कणकेचे काडीवर गुंडाळून वाळवलेले वळे) आणि रव्यासाठी बन्सीसारखा कडक गहू लागतो. त्याची पोळी मात्र चिवट होते.

चक्कीवर देताना आधीचं दळण कशाचं आहे ते विचारा. ज्वारी किंवा हरभऱ्यानंतर लगेच तुमचा गहू पडला, तर पहिलं किलोभर पीठ भेसळीचं येतं. त्या पिठाची पोळी फुगत नाही आणि दोष मळण्यावर जातो. पीठ गरम असताना डबा बंद करू नये. परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच भरा, नाहीतर आत घाम धरून जाळी होते.

सकाळची पोळी दुपारी डब्यात कडक का होते?

बहुतेक वेळा तवा कमी तापलेला असतो. थंड तव्यावर पोळी दोन-अडीच मिनिटं पडून राहते, तेवढ्या वेळात तिच्यातलं पाणी उडून जातं. तवा असा तापवा की एक पोळी साधारण एका मिनिटात व्हावी. दुसरं कारण कणीक मुरली नाही हे. मळून किमान वीस मिनिटं तरी द्या. तिसरं म्हणजे लाटताना लावलेलं फार कोरडं पीठ. घडीच्या पोळीत आतल्या घडीला तेल आणि त्यावर चिमूटभर पीठ पुरतं. पोळी झाली की लगेच फडक्यात गुंडाळा. वाफ कोंडून पाणी सुटतं म्हणून स्टीलच्या डब्यात थेट गरम पोळी ठेवू नका.

मडक्यावरची लांब रोटी घरी जमते का?

जमते. पहिल्या दिवशी नाही जमत, हे आधीच सांगितलेलं बरं. चौथ्या-पाचव्या खेपेला हात बसतो. नागपूर भागात तिला कोणी लांब रोटी म्हणतं, कोणी लांब पोळी, कोणी मडक्यावरची रोटी. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळा जीव कणकेच्या तारेत आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

५०० ग्रॅम शरबतीचं पीठ बारीक दळून आणा आणि मैद्याच्या चाळणीने किंवा पातळ कपड्यातून गाळा. कोंडा राहिला की रोटी ताणताना नेमकी त्या कणापाशी फाटते. गाळलेल्या पिठात एक चमचा मीठ आणि ३०० मिली पाणी घालून नेहमीसारखी कणीक मळा. अर्धा तास झाकून ठेवा. मग खरं काम सुरू होतं. बाजूला पाण्याचं भांडं घ्या, हात बुडवा, कणकेवर दाबा, उचला आणि परातीत आपटा. पुन्हा पाण्याचा हात, पुन्हा उचलून आपटणं. असं पंधरा-वीस मिनिटं. यात आणखी ७५ ते १०० मिली पाणी कणकेत जातं. आधी ती फाटते, हाताला चिकटते, वाटतं की बिघडलं. दहाव्या मिनिटानंतर चकाकी येते आणि परातीचा तळ ती आपण होऊन सोडू लागते. वरून पाण्याचा हात फिरवून तासभर झाकून ठेवा.

खूण अशी: लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू पसरा. पडदा इतका पातळ व्हावा की मागच्या बोटाची सावली दिसावी, आणि तरी तो फाटू नये. फाटला तर आणखी पाच मिनिटं आपटा आणि पुन्हा मुरू द्या.

मडकं गोल बुडाचं, जाड आणि बिनभेगेचं घ्या. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं पाहिजे. नवीन मडकं रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पहिल्यांदा मंद जाळावर तापवा. ओलं मडकं एकदम जाळावर ठेवलं की तडकतं. चुलीवर ते पालथं घालायचं, खाली तीन दगड, जाळ आतून. तेलाची गरज नाही.

गोळा मोठ्या लिंबाएवढा घ्या, ओल्या तळहातांवर या हातावरून त्या हातावर झेलत मोठा करा. ताटलीएवढा झाला की मनगटावर, मग कोपरापर्यंत हातावर घेऊन ताणा. हात गोल फिरवत राहायचं, म्हणजे कणीक स्वतःच्या वजनानेच लांबते. बोटं टोकदार ठेवली की भोक पडतं, म्हणून मूठ बंद ठेवून मनगटाच्या मागच्या बाजूवर तोलायचं. मग एका झटक्यात मडक्यावर पसरवा. पसरल्यावर सुरकुती ओढायला जाऊ नका, तिथेच फाटेल. वीस सेकंदांत फोड येतात, चाळीस-पन्नास सेकंदांत कडा मडक्यापासून सुटून वर उचलल्यासारखी दिसते. तीच कड चिमटीत धरून उलटा, दुसऱ्या बाजूला दहा-बारा सेकंद पुरे. लगेच घडी घालून कपडा अंथरलेल्या टोपलीत ठेवा.

फ्लॅटमध्ये चूल कुठली आणणार? गॅसवर मडकं चालेल का?

मडक्याऐवजी पालथी लोखंडी कढई वापरा. बर्नरवर मडकं पालथं घातलं की ज्योतीला हवा मिळत नाही, आच पिवळी पडते आणि काजळी धरते. कढई अशी निवडा की तिची कड शेगडीच्या बटणांवर येणार नाही आणि चारी बाजूंनी बोटभर फट राहील. मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर पसरून बसला तर आच कमी आहे, नाचत उडाला तर तयार आहे. पहिल्या रोटीआधी मिठाच्या पाण्याचा हबका मारून कपड्याने पुसून घ्या, त्याने चिकटणं कमी होतं. मडक्याचा भाजका वास इथे येत नाही, पोत मात्र तोच मिळतो.

सोबत वांग्याची झणझणीत भाजी किंवा पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा. उन्हाळ्यात आमरस.

ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते.

पिठाची विरी गेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, जी काही धरून ठेवण्याची ताकद आहे ती ताज्या पिठात असते. दळून पंधरा दिवस झाले की ती कमी होते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून एका वेळी आठवड्याचंच दळा.

विरी गेलेलं पीठही वाया जात नाही. २५० ग्रॅम पिठाला २०० ते २२० मिली उकळतं पाणी घाला, सराट्याने (उलथन्याने) ढवळून पाच मिनिटं झाका आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताने रगडून मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणाचं काम करतो. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा रगडा. सगळे आधी करून ठेवले तर शेवटचे पुन्हा चिरतात.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि वर लगेच पाण्याचा हात. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटायची. पूर्ण सुकू दिलं की भाकरीला भेगा पडतात आणि ती फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग पहिली बाजू थेट आचेवर.

रोडगे आणि पानगे यांत फरक काय?

रोडगा म्हणजे पदरांचा गोळा. पानगा म्हणजे पळसाच्या दोन पानांत दाबून भाजलेली जाड चपटी. दोन्ही मुळात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरचे, दोन्ही वांग्याच्या भाजीशी आणि वरणाशी खायचे. मारोतीच्या पारावर किंवा शेतात रोडग्यांचा बेत असतो तो शंभर माणसांचा. घरी चौघांपुरतं करायचं तर आतल्या प्रमाणात काहीच बदलत नाही.

रोडगे ओव्हनमध्ये कसे करायचे? आमचे मधे कच्चे राहतात.

५०० ग्रॅम जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ (नसेल तर ४०० ग्रॅम साधी कणीक आणि १०० ग्रॅम रवा), दीड चमचा मीठ, एक चमचा चुरलेला ओवा, ७५ मिली गरम तेलाचं मोहन. मोहन पिठाला चोळल्यावर मूठ वळली पाहिजे. २२० मिलीच्या आसपास पाणी लागेल. कणीक पुरीसारखी घट्ट हवी. अर्धा तास मुरवा.

एका रोडग्याला तळहातापेक्षा लहान तीन पुऱ्या लाटा. प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवा. चौथी मोठी पारी लाटून तिच्यात ही चळत बंद करा आणि गोल वळा. मधे कच्चं राहण्याची दोन कारणं. एक, पुऱ्या चार-पाच घालून गोळा फार मोठा होतो. तयार रोडगा मध्यम कांद्याएवढाच असावा. दोन, आच जास्त. २२० अंशांवर बाहेरून वीस मिनिटांत लाल होतो आणि आपण काढून घेतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं द्या, अर्ध्या वेळेला उलटा. वर तडा गेला पाहिजे आणि बोटाने वाजवल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. गॅसवरच्या बाटीच्या तंदूरमध्ये मंद आचेवर साधारण तेवढाच वेळ लागतो, फक्त दर दहा मिनिटांनी फिरवावे लागतात.

गोवऱ्यांवर करणार असाल तर ज्वाळ पूर्ण बसू द्या. धूर निघत असताना रोडगे घातले की वरून काळे, आतून पीठ. लाल निखारा पांढऱ्या राखेने झाकला गेला की मग पुरायचे. फ्लॅटच्या बंद गॅलरीत गोवऱ्या पेटवू नका, धूर आणि विषारी वायू आतच कोंडतात.

काढल्यावर कपड्यात धरून राख झटका, हाताने दाबून फोडा आणि तूप आत जाऊ द्या. सुरीने कापले की पदर दाबले जातात.

पानग्यांना पळसाचं पान मिळालं नाही तर?

होळीच्या सुमारास पळस फुललेला असतो आणि झाडावर पान नसतंच. तेव्हा केळीचं पान घ्या, आचेवरून फिरवून मऊ करून. कणीक रोडग्यापेक्षा सैल, पाण्याऐवजी अर्धं दूध. पानाला तेल लावा, बोटाच्या पेराएवढी जाड चपटी थापा, वर दुसरं पान. जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर प्रत्येक बाजूला आठ ते दहा मिनिटं. पान तपकिरी होऊन आपोआप सुटलं की झालं. ओढून काढावं लागत असेल तर आणखी दोन मिनिटं ठेवा.

पुरणपोळी: नागपुरी पद्धतीचं प्रमाण सांगा.

विदर्भातली पुरणपोळी पुरणाने गच्च भरलेली असते. पारी नावापुरती, आणि वर गरम तुपाची धार नव्हे, बाजूला तुपाची वाटी. साधारण १७ पोळ्यांचं प्रमाण:

पुरणाला हरभऱ्याची डाळ ५०० ग्रॅम, गूळ ५०० ग्रॅम (किंवा निम्मा गूळ, निम्मी साखर, बऱ्याच घरांत नुसती साखरच घालतात), एक चमचा वेलचीपूड, पाव जायफळ, चिमूट मीठ. पारीला ३०० ग्रॅम कणीक, २१५ मिलीच्या आसपास पाणी, चिमूट मीठ, पाच-सहा मोठे चमचे तेल.

आधी पारी भिजवा, कारण तिला दोन तास हवेत. कणीक पोळीपेक्षा खूपच सैल मळा, मग थोडंथोडं तेल घालत तिंबा. उचलल्यावर हातातून हळू ओघळली पाहिजे. वर उरलेलं तेल ओतून झाका.

डाळ तासभर भिजवून तिप्पट पाण्यात, चमचाभर तेल आणि चिमूट हळद घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या. एक दाणा उघडून बघा. दिसायला अख्खा, पण दोन बोटांत धरताच लोणी व्हायला हवा. आत खडा लागला तर आणखी शिजवा. गूळ घालण्याआधीच. हे मुद्दाम लिहिण्याचं कारण आहे. गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही, तासभर आटवली तरी कणी तशीच राहते, आणि तीच कणी लाटताना पारी फाडते. पुरणपोळी फुटल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका दाण्यात असतं.

डाळ चाळणीत पंधरा मिनिटं निथळा. खालच्या पाण्याचं सार करा, टाकू नका. डाळ आणि गूळ जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) मध्यम आचेवर घ्या. गूळ विरघळून आधी पातळ होईल, घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटं तळाशी हलवत राहा. पुरणात सराटा उभा केला आणि तो पडला नाही, की आच बंद. थंड झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून कोरडं होईपर्यंत थांबू नका. पुरणयंत्रातून गरम असतानाच काढा.

लाटताना पारी ३५ ग्रॅम, पुरण ८० ग्रॅम. पारी हातावरच वाटीसारखी पसरवून पुरण भरा, तोंड बंद करताना वर आलेला जादा गोळा तोडून टाका, नाहीतर मधे जाड टिकली राहते. लाटायला तांदळाची पिठी घ्या. गव्हाचं पीठ तव्यावर जळून कडू होतं. मधोमध दाब देऊ नका, कडेकडेने हलक्या हाताने लाटा. तवा मध्यम. एक बाजू नीट भाजली की उलटा आणि मगच तूप सोडा. वारंवार उलटली की फुगलेली पोळी फाटते.

पुरण आणि पारी दोन्ही नीट आहेत, तरी पुरण कडेपर्यंत जात नाही.

दोन्हींचा मऊपणा सारखा नाही. पुरण घट्ट आणि पारी सैल असली की पारीच पुढे पळते, कडेला नुसती कणीक राहते. उलट असेल तर पुरण पारी फोडून बाहेर येतं. दोन्ही गोळे शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून बघा, खड्डा सारखा पडायला हवा. पुरण घट्ट असेल तर चमचाभर गरम दूध घालून मळा. सैल असेल तर पसरट भांड्यात पुन्हा आटवा. वेळच नसेल तर डाळ्याचं पीठ दोन-तीन चमचे घालून भागतं, पण चव बोथट होते.

पोळ्याच्या सणाला आदल्या दिवशी पुरण करून ठेवता येईल का?

हो. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. लाटण्याच्या दोन तास आधी बाहेर काढा. थंड पुरण पारीपेक्षा घट्ट असतं आणि वरच्या प्रश्नातली अडचण उभी राहते. पारीची कणीक मात्र त्याच दिवशी भिजवा.

घरी केलेली संत्रा बर्फी कडू होते किंवा खवा फाटतो.

दोन वेगळे दोष आहेत. कडूपणा बियांचा आणि सालीखालच्या पांढऱ्या पडद्याचा. कच्चं खाताना तो जाणवत नाही, गर तापवला की वर येतो. म्हणून फाक सोलून फक्त आतला केशरी गर घ्या. मिक्सरमध्ये अख्ख्या फाका घालणं हा कडू बर्फीचा हमखास मार्ग आहे. खवा फाटतो तो आंबटपणाने. रस थेट गरम खव्यात ओतला की दाणेदार पाणी सुटतं.

२५० ग्रॅम गर लागेल, त्याला सहा-सात मध्यम संत्री. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाची गोड असतात, बर्फीला तीच चांगली. आंबियाची घेतली तर साखर वीस-तीस ग्रॅम वाढवा. गर आणि १०० ग्रॅम साखर मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं आटवा. सराट्याने तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर उघडी राहिली पाहिजे. हा गर पूर्ण कोमट होऊ द्या.

वेगळ्या कढईत ४०० ग्रॅम खवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, मग १०० ग्रॅम साखर. साखर विरघळून मिश्रण सैल होतं आणि पुन्हा घट्ट व्हायला लागतं. गोळा कढई सोडू लागला की गॅस बंद. बोट सोसेल इतकं निवल्यावर गर मिसळा, पुन्हा अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, लगेच तूप लावलेल्या ताटात थापा. पाच-सहा तासांनी वड्या. वासासाठी सालीचा फक्त केशरी भाग पाव चमचा किसून घाला. रंगाची गरज पडत नाही, फिकट केशरी हाच तिचा खरा रंग.

खवा घरी करायचा तर म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम पडतो. फ्रिजमध्ये ही बर्फी आठवडाभर राहते.

अनारसा तुपात हसतो. काय करावं?

हसतो म्हणजे तुपात सोडताच विरघळून पसरतो. पिठात गूळ किंवा ओलावा जास्त आहे. गोळ्यात दोन-तीन चमचे कोरडी तांदळाची पिठी मळा, तासभर ठेवा आणि एकच तळून पाहा. तूप फार मंद असलं तरीही हसतो.

मूळ प्रमाण: जाडा जुना तांदूळ एक किलो, तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कपड्यावर पसरा. इथे नागपूरची हवा आडवी येते. दिवाळीत तासभर तरी लागतो. अधिक मास ऐन उन्हाळ्यात आला, जसा २०२६ चा अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये, तर वीस-पंचवीस मिनिटांत तांदूळ खडखडीत वाळतो आणि पीठ धरत नाही. दाणा मुठीत दाबल्यावर तळहाताला दमटपणा लागला पाहिजे, पाणी नाही. पंख्याखाली वाळवू नका. वाटून बारीक चाळा. चाळलेल्या पिठाचं वजन करा आणि त्याच्या पाऊणपट किसलेला गूळ, दोन चमचे तूप घालून घट्ट गोळे करून डब्यात दाबा. पाच-सहा दिवसांनी उघडा.

थापताना खसखशीवर थापा, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं. जाळी पडून बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवा, तूप निथळतं. कडक झाले तर पिठात चमचाभर कुस्करलेलं केळं मळा. जावयाच्या वाणाला तेहतीस लागतात, हाताशी चाळीसचं पीठ ठेवा.

संक्रांतीची गुळपोळी फुटून गूळ तव्यावर वाहतो.

गुळात तिळाचं आणि भाजलेल्या बेसनाचं प्रमाण कमी आहे. ५०० ग्रॅम किसलेल्या गुळाला १२५ ग्रॅम भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात खमंग भाजलेलं ७५ ग्रॅम बेसन. मळून घट्ट गोळा होऊ द्या. गोळ्यात एकही खडा राहू नये. इथे साधा मऊ गूळ, चिक्कीचा नाही. चिक्कीचा गूळ तिळाच्या लाडवासाठी: २५० ग्रॅम तीळ, २५० ग्रॅम गूळ, चमचाभर तूप. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळली की तीळ. गोळी टणक वाजली तर लाडू दात मोडतील.

सरगुंडे म्हणजे काय, आणि ते आज कसे शिजवायचे?

कडक गव्हाच्या घट्ट कणकेची तार बारीक काडीवर गुंडाळून, सरकवून काढून उन्हात वाळवलेले वळे. उकळत्या पाण्यात चिमूट मीठ घालून आठ-दहा मिनिटं शिजवा, मधे पांढरी कणी दिसेनाशी झाली की निथळा आणि लगेच थोडं तूप लावा, नाहीतर गोळा होतो. आमरसाबरोबर किंवा गुळाच्या पाण्याबरोबर. वाळवणाला एप्रिलचं ऊन चांगलं. मेच्या उन्हात बाहेरून पटकन कडक होऊन आत ओल राहते, आणि पावसाळ्यात त्यालाच बुरशी धरते.

उरलेल्या पुरणाचं काय करता येईल?

लिंबाएवढे गोळे करून डब्यात एकमेकांना न लागता ठेवा आणि फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर राहतात. रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवले की सकाळी दोन पोळ्या होतात. फार थोडं असेल तर एक वाटी दुधात कालवून उकळी आणा, वर जायफळ किसा. मुलं हीच खीर पोळीपेक्षा आवडीने खातात.